केक जातो कुठे?

भाचीच्या सहाव्या वाढदिवसाचं कार्ड करायला घेतलं तेव्हा माझं सगळं लक्ष केकवर होतं. ए-फोर आकाराचा जाड कागद मधोमध दुमडला. एक पान टेबलावर आडवं, दुसरं भिंतीसारखं उभं, आणि दोघांच्या कोपऱ्यात ६ सेंटिमीटर खोल, ७ सेंटिमीटर उंच असा कागदी केक बसवला. केकच्या दर्शनी बाजूवर ३-३ सेंटिमीटरच्या सहा मेणबत्त्या चिकटवल्या, ज्योतींना केशरी रंग दिला. रात्रीचे अकरा वाजले होते. चार पावलं मागे जाऊन पाहिलं, केक झोकात उभा होता. मग पाकिटात घालायला म्हणून कार्ड मिटलं, तर सहाच्या सहा ज्योती कडेबाहेर डोकावत होत्या. कार्ड पाकिटात जाईना, आणि रेटलं असतं तर सगळ्या ज्योती माना मोडून पडल्या असत्या.

उभ्या केकमध्ये काही चूक नव्हती. चूक मिटताना दिसली, आणि खरं सांगायचं तर मिटेपर्यंत ती दिसणंच शक्य नव्हतं. त्यानंतर मी अशी बरीच कार्डं केली, थोडी बिघडवलीही. दर वेळी त्याच एका गोष्टीपाशी येऊन पोचते: पॉप-अप कार्डाची सगळी विद्या त्याच्या मिटण्यात आहे. नुसतं उभं राहणं कागदाला अवघड नाही. शाळेच्या प्रकल्पातली पुठ्ठ्याची घरं वर्षानुवर्षं कपाटावर उभी असतात, धूळ खात. कार्डाचं तसं नाही. त्याला उभं राहायचं असतं ते आडवं होण्याची सोय ठेवून, आणि तेही एकदा नव्हे, मूल कंटाळेपर्यंत. मूल तर कंटाळतच नाही.

‘मिटणं’ हा शब्दही जरा निरखून पाहण्यासारखा आहे. दुकान बंद होतं, नळ बंद होतो, घड्याळ बंद पडतं. तिथे काहीतरी थांबतं. छत्री मात्र मिटते, पंखा मिटतो, कमळ मिटतं, डोळे मिटतात. जे मिटतं ते अख्खंच्या अख्खं आत राहतं आणि मनात आलं की पुन्हा उलगडतं. (भांडणही मिटतं म्हणतात. तेही आत अख्खं राहतं की काय, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात तपासून पाहावं.) पॉप-अप कार्ड हे छत्रीच्या जातीचं आहे. आणि छत्री करणाऱ्यानं काड्यांचा विचार आधी मिटलेल्या छत्रीत केलेला असणार, हे उघड आहे.

आता त्या मेणबत्त्यांचा हिशोब लावू. कार्ड काटकोनात उघडं ठेवून बाजूनं पाहा. चार रेषा दिसतात. घडीपासून केकच्या पायापर्यंतची जमीन ६ सेंटिमीटर, घडीपासून वरपर्यंतची भिंत ७, केकची दर्शनी बाजू ७, केकचा माथा ६. समोरासमोरच्या बाजू सारख्या. कार्ड उघडं असताना हा आयत असतो. पान मिटवू लागलं की त्याचे कोन तिरपे होत जातात, बाजू मात्र तेवढ्याच राहतात. म्हणजे शाळेत शिकलेला समांतरभुज चौकोन. शेवटी तो इतका चपटा होतो की चारही बाजू एकमेकींवर पडून एकच रेषा होते. आणि त्या वेळी केकचा पुढचा-वरचा कोपरा घडीपासून किती लांब जाऊन पडतो? सहा अधिक सात, तेरा सेंटिमीटर. दुमडलेल्या ए-फोरचं पान असतं साधारण १४.८ सेंटिमीटरचं. केक बसला. पण मेणबत्त्या दर्शनी बाजूच्याच रेषेत आणखी ३ सेंटिमीटर पुढे गेलेल्या. तेरा आणि तीन, सोळा. म्हणून सव्वा सेंटिमीटरभर ज्योती बाहेर.

उभा केक ही बेरीज कधीच दाखवत नाही. त्याची खोली एका दिशेला असते, उंची दुसऱ्या दिशेला, आणि दोन वेगळ्या दिशांच्या गोष्टींची बेरीज करायचं आपल्याला सुचत नाही. मिटताना दोन्ही एका दिशेला येतात आणि बेरीज आपोआप होते. मी रात्री बारा वाजता दुसरा केक केला, खोली ४ सेंटिमीटरवर आणली. चार, सात आणि तीन, चौदा. कार्ड मिटलं आणि कडा चारही बाजूंनी स्वच्छ राहिल्या.

समोरासमोरच्या बाजू सारख्या हव्यात, हा नियमही मिटण्यातूनच येतो. दर्शनी बाजू भिंतीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवलीत तरी उघडा केक थोडासा वाकडा दिसेल, एवढंच. ‘चालतंय की’ म्हणून आपण सोडून देऊ. पण मिटताना त्या अर्ध्या सेंटिमीटरला जायला जागा नसते. कागद फुगतो, नको तिथे नवी घडी पाडून घेतो, आणि पुढच्या वेळी उघडताना त्याच चुकीच्या घडीवर वाकतो. कागदाची स्मरणशक्ती दांडगी असते. एकदा पडलेली घडी तो विसरत नाही.

ही झाली काटकोनात उघडणाऱ्या कार्डाची गोष्ट. टेबलावर सपाट उलगडणाऱ्या कार्डात आणखी एक गंमत आहे. समजा, उघडल्यावर मधोमध मोर उभा राहायला हवा. मोराच्या आकृतीला मधून उभी घडी पाडायची, खाली दोन पट्ट्या ठेवायच्या, एक डाव्या पानावर चिकटवायची, एक उजव्या. पहिल्यांदा करणारा माणूस या पट्ट्या हमखास एका सरळ रेषेत चिकटवतो, कार्डाच्या घडीला बरोबर काटकोनात. पान सपाट झालं की तो मोर पुढेही पडतो, मागेही पडतो. त्याला कुठल्या बाजूला राहायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं. टेबलावर एक कोरा कागद उभा करून पाहा, राहणार नाही. तोच मधून जरासा दुमडा, उघडलेल्या पुस्तकासारखा, लगेच उभा राहील. म्हणून पट्ट्या सरळ रेषेत न चिकटवता इंग्रजी व्ही अक्षरासारख्या चिकटवायच्या, टोक कार्डाच्या घडीवर ठेवून. मग मोराला एकच जागा उरते आणि तो तिथे नेमका उभा राहतो.

किती ताठ उभं राहायचं, हेही तळाच्या कापावर ठरतं. मधल्या घडीशी तळाची रेषा काटकोनात कापली तर मोर सरळसोट उभा राहतो. कोन थोडा कमी ठेवला तर तो व्हीच्या उघड्या बाजूला झुकतो. उघड्या बाजूला वाचणारी असेल, तर मोर तिच्याकडे वाकून पाहतोय असं वाटतं. दोन-चार अंशांचा फरक, पण कार्ड हातात घेणाऱ्याला तो आर्जवासारखा जाणवतो.

मोराची एक पट्टी डाव्या पानावर चिकटवून झाली. दुसरी उजव्या पानावर नेमकी कुठे? मी आधी पट्टी आणि कंपास घेऊन बसत असे. दोन्हीकडे सारखं मोजायचं, पेन्सिलीची पुसट रेघ मारायची, श्वास रोखून पट्टी टेकवायची. तरी मिलिमीटरभर चुकायचंच आणि मिटताना मोराची मान मुरगळायची. जाणत्या कार्ड करणाऱ्यांची रीत फार सोपी आहे. मोर मधल्या घडीवर मिटून डाव्या पानावर आडवा करायचा. वर आलेल्या दुसऱ्या पट्टीला गोंद लावायचा. आणि मग काही न मोजता उजवं पान त्यावर मिटायचं, तळहातानं दाबायचं. थोड्या वेळानं उघडलं की पट्टी बरोबर तिच्या जागी बसलेली असते. कुठे चिकटायचं ते मिटण्यानंच ठरवून दिलेलं असतं. उघड्या कार्डावर मोजत बसलेली मी ती जागा शोधत होते, आणि ती सापडणार होती कार्ड मिटल्यावरच.

गोंदाच्या बाबतीतही मिटण्याची भीती ठेवावी लागते. फेव्हिकॉल हात सैल सोडून लावला की तो पट्टीच्या बाहेर पसरतो, आणि मिटलेलं कार्ड कायमचं मिटतं. माझ्याकडे असं एक कार्ड अजून आहे. त्यात एक हत्ती आहे, पण त्याला माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. टूथपिकच्या टोकानं, पुसट, कडेपासून थोडा आत, एवढाच गोंद पुरतो. पाण्यानं फुगणारा पातळ कागद असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. घडी पाडण्याआधी शाई संपलेल्या रिफिलनं पट्टीच्या आधारानं रेघ ओढायची, म्हणजे कागद हवा तिथेच वाकतो. पाठीच्या पानाला २०० ते २५० जीएसएमचा कागद, आतल्या आकृतीला त्याहून हलका. आतला कागद जाड झाला की मिटलेलं कार्ड पोट फुगल्यासारखं दिसतं.

आणि कागदाला दिशा असते, हे विसरू नये. यंत्रावर तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच बाजूला तोंड करून बसतात. कोरा ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला की कळतं, एका बाजूला तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूला कुरकुर करतो. मुख्य घडी सहज बाजूनं घातली की ती स्वच्छ पडते आणि शंभरदा उघडमीट केली तरी चिरत नाही. हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे तिथे ही दिशा फारशी जाणवत नाही. घडी मात्र जरा दांडगी, खरबरीत पडते. ‘घडी बसणं’ आणि ‘घडी मोडणं’ हे शब्द आपण संसाराला आणि साडीला सारखेच वापरतो. कागदाला तर ते अक्षरशः लागू पडतात.

आता हात लावायला लावणारी कार्डं. यांत उघडण्यापलीकडे काहीतरी करायचं असतं: पट्टी ओढायची, खिडकी उचलायची, चकती फिरवायची. यांनाही मिटण्याचाच नियम आहे, फक्त त्याचं नाव इथे ‘परत जाणं’ होतं. मुखपृष्ठावर मेणबत्त्या काढल्या आहेत, आणि कार्डाच्या कडेला पट्टीचं टोक दिसतंय. ते ओढलं की ज्योती खाली सरकून मेणबत्त्यांच्या मागे दडतात, म्हणजे विझल्या. नवशिके इथपर्यंतच विचार करतात, ‘ओढा’ असं लिहितात आणि थांबतात. पण पट्टी ढकलल्यावर ज्योती पुन्हा वर यायला हव्यात. त्यासाठी आतल्या पट्टीला आडवा अडसर लागतो, नाहीतर उत्साही हातात ती अख्खी निघून येते. फट पट्टीपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर रुंद लागते, नाहीतर परतताना अडकते. आणि टोक कडेबाहेर राहू नये म्हणून कार्डाच्या काठालाच अर्धचंद्र कापायचा, म्हणजे बोटाला पकड मिळते आणि पट्टी मात्र पूर्ण आत बसते. खऱ्या केकवर फुंकर एकदाच मारायची असते. कार्डावरच्या ज्योती दिवसभर विझतात आणि पेटतात.

कागदाच्या या हालचाली मुलांसाठी सुरू झाल्या नव्हत्या, हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. तेराव्या शतकात मायोर्का बेटावरच्या रामोन लुल या विचारवंतानं एकात एक फिरणाऱ्या कागदी चकत्या वापरल्या. अक्षरं जुळवून तत्त्वज्ञानातले प्रश्न मांडायला. पेट्रुस आपियानुस याचा खगोलशास्त्रावरचा १५४० सालचा ग्रंथ तर अशा फिरत्या चकत्यांनी भरलेला आहे. ग्रहांची स्थानं त्यावरून काढता येत. सोळाव्या शतकात युरोपात शरीररचनेची खिडक्यांची पानं छापली जात. पोटावरचा कागद उचलला की आत आतडी, ती उचलली की त्याखाली आणखी काही. मला या पानांचं मोठं कौतुक वाटतं ते एका कारणासाठी. शवविच्छेदन एकदाच करता येतं. उघडलेलं शरीर पूर्ववत होत नाही. कागदाचा माणूस मात्र पुन्हा मिटतो, आणि पुढचा विद्यार्थी त्याला पहिल्यापासून उघडतो. शिकायचं असेल तर वस्तू परत पहिल्या जागी यावी लागते, हे त्या छापणाऱ्यांनी ओळखलं होतं.

मुलांपर्यंत ही कला पोचली ती नंतर. लंडनच्या रॉबर्ट सेयर यानं १७६५च्या सुमारास वरखाली उघडणाऱ्या पानांच्या छोट्या पुस्तिका काढल्या. खालचं पान मिटलेलं ठेवून वरचं उघडलं की चित्र आणि गोष्ट दोन्ही बदलत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी म्युनिकच्या लोथार मेगेनडॉर्फर यानं तर कमाल केली. त्याच्या पुस्तकात एक पट्टी ओढली की माणसाचा हात, डोळे आणि जबडा सगळं वेगवेगळ्या वेगानं हलतं. दोन पानांच्या मध्ये दडवलेल्या कागदी तरफा तांब्याच्या बारीक तारेच्या गुंडाळ्यांनी जोडलेल्या असत. वाचणाऱ्याला दिसे तो फक्त चेहरा. सगळा कारखाना पानाच्या पोटात. ‘पॉप-अप’ हे नाव याही नंतरचं, १९३०च्या दशकातलं, अमेरिकेतल्या एका प्रकाशनानं आपल्या पुस्तकांसाठी रूढ केलेलं.

या कलेतली दोन मोठी नावं वास्तुशास्त्र शिकलेल्यांची आहेत. प्रागच्या वोइत्येख कुबाश्तानं विसाव्या शतकाच्या मध्यावर मुलांसाठी जहाजं, किल्ले, जंगलं उभी केली. टोकियोचे मासाहिरो चातानी यांनी १९८०च्या दशकात एकाच कागदाला काप आणि घड्या देऊन, गोंदाचा थेंबही न वापरता, जिने आणि इमारती उभ्या केल्या. त्या दोन पानांत चपट्या होतात. ज्यांचा अभ्यास न पडणाऱ्या इमारतींचा, त्यांना मिटणाऱ्या इमारतींचं वेड लागावं, यात मला काही विसंगत वाटत नाही. भार कुठून कुठे जातो हे ज्याला कळतं, त्यालाच तो कुठे सोडायचा हेही कळतं.

असं कुणी विचारेल, की वाढदिवसाचं कार्ड माणूस उघडतो ते उघडण्याच्या आनंदासाठी, मग मिटण्याचं एवढं कौतुक कशाला? मीही हेच समजत होते. उघडताना जो ‘अय्या’ निघतो त्यासाठीच आपण रात्री जागतो. पण जरा पाहा, कार्डात बॅटरी नाही, स्प्रिंग नाही. केकला उभं करणारं बळ येतं कुठून? कार्ड धरणाऱ्या दोन हातांतून. करणारा फक्त वाट आखून ठेवतो. चालवणारा समोरचा असतो. आणि पहिल्यांदा उघडताना ते त्याला कळतही नाही. काहीतरी समोर घडलं, एवढंच त्याला वाटतं. तो मिटतो, पुन्हा उघडतो, तेव्हा ध्यानात येतं की हे मीच करतोय. हळू केलं तर हळू होतं, थांबलो तर थांबतं. विकतच्या सुंदर कार्डाचं कौतुक करून आपण ते शोकेसमध्ये ठेवतो. हे कार्ड घेणाऱ्याला कामाला लावतं. ते काम मिटण्यापासून सुरू होतं.

हे मला शिकवलं ते भाचीनं. वाढदिवसाच्या सकाळी मी तिला दुसरा, खोली कमी केलेला केक दिला. बहिणीनं, मेव्हण्यांनी, आजीनं, सगळ्यांनी तो उघडून पाहिला, वाहवा केली, आणि उघडाच टेबलावर ठेवला. भाचीनं तो उचलला, मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला, आणि मला विचारलं, “मावशी, मिटल्यावर केक जातो कुठे?”

मला चटकन उत्तर देता येईना. सहा वर्षांच्या मुलीला समांतरभुज चौकोन काय सांगणार? तिनंही उत्तराची वाट पाहिली नाही. ती फरशीवर पालथी पडली, कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि एक डोळा मिटून, फटीतून पाहत, ते अगदी सावकाश मिटू लागली. केकचे कोपरे तिरपे झाले, माथा पुढे सरकला, मेणबत्त्या कलल्या. बोटभर फट उरली तेव्हा ती थांबली, कार्ड थोडं उघडलं, पुन्हा मिटलं. मग उठून बसत म्हणाली, “कुठेच जात नाही. आडवा होतो.”

पुढच्या वर्षी माझ्या वाढदिवसाला तिनं मला कार्ड दिलं. ड्रॉइंगच्या वहीतलं पान, मधली घडी तिरकी, गोंदाचे डाग. आत काय आहे ते मी पाहणार तेवढ्यात तिनं माझा हात धरला. “थांब, उघडू नकोस अजून.” मग मिटलेल्या कार्डाच्या तिन्ही मोकळ्या कडांवरून बोट फिरवून दाखवलं. कुठेही काही बाहेर आलेलं नव्हतं.

“बघितलंस?” ती म्हणाली. “आता उघड.”